नोकरी गेली म्हणून पोटगी आपोआप कमी होत नाही

गेल्या महिन्यात सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, एक विचारू का? मुलाची परदेशातली नोकरी सुटलीय. घटस्फोट आधीच झालाय आणि नातीसाठी दरमहा पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम आहे. आता पगारच नाही, तर तो हुकूम आपोआप बंद होतो ना?"

मी म्हटलं, "नाही होत."

त्यांचा चेहरा पडला. मुलाने चार महिने पैसे पाठवलेच नव्हते. "पगार नाही तर पाठवणार कुठून," असं म्हणून सगळे गप्प बसले होते.

मी वकील नाही. सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेला. पण अशा एका प्रकरणात एका घराबरोबर मी कोर्टाच्या पायऱ्या चढले आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत. घटस्फोटही आता होतात, लपवण्यात अर्थ नाही. म्हणून जे कळलं ते साध्या शब्दांत लिहीत आहे.

कुवेतमधला पगार

१९८४ ते १९९० मी कुवेतमध्ये नर्स होते. शुक्रवारी संध्याकाळी खोलीचा पडदा ओढून शब्बाथची वात लावायची आणि त्याविषयी बाहेर बोलायचं नाही, असा माझा नेम होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य शिरलं आणि सगळं संपलं. तिथल्या सुमारे १,७०,००० भारतीयांपैकी बहुतेकांना सरकारने अम्मानमार्गे मुंबईला आणलं. त्यासाठी विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या. मीही त्याच वाटेने आले. पर्समध्ये दिनार होते, पण मुंबईत ते कुणी बदलून देईना. एका रात्रीत पगार बंद होतो म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या दिवसांतली माझी एक मैत्रीण. आपल्या समाजाची नाही, पण कोकणातली आणि मला सख्ख्या बहिणीसारखी. तिचा मुलगा २०१४ साली कुवेतला गेला. एसी दुरुस्तीचं काम, पुढे सुपरवायझर. पगार ३५० दिनार, म्हणजे तेव्हाच्या भावाने ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. २०१८ साली घटस्फोट झाला. मुलगी आईकडे राहिली आणि तिच्या खर्चासाठी दरमहा २०,००० रुपये द्यायचा हुकूम झाला. तीन वर्षं त्याने एकही महिना चुकवला नाही.

२०२१ च्या जूनमध्ये कंपनीने बरीच माणसं कमी केली. त्यात तोही गेला. परत आल्यावर दोन-तीन महिने काम शोधलं आणि शेवटी ठाण्यात २८,००० रुपयांवर नोकरी धरली. जुलैपासून मुलीचे पैसे बंद. बायकोला फोन नाही, वकिलाला पत्र नाही, कोर्टात अर्ज नाही. २०२२ च्या मार्चमध्ये थकबाकी वसुलीची नोटीस दारात आली, तेव्हा मैत्रिणीने मला फोन केला. तोवर नऊ महिन्यांचे १,८०,००० रुपये चढले होते.

मी त्याला म्हटलं, "अरे, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सोसत नाही म्हणून पेशंटने मनाने बंद करायची असते का? डॉक्टरांकडे जाऊन डोस बदलून घ्यायचा असतो."

"मावशी, हातात पैसेच नव्हते तर कोर्टात जाऊन काय सांगणार होतो?"

"हेच सांगायचं होतं."

कायदा काय म्हणतो

आपल्या यहुदी समाजासाठी हिंदू विवाह कायदा लागू नाही आणि घटस्फोटाचा स्वतंत्र लिखित कायदाही नाही. त्यामुळे काहींना वाटतं की पोटगीचंही असंच अधांतरी असेल. तसं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सगळ्या धर्मांना सारखंच लागू होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. बायको, अज्ञान मुलं आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-बाप यांना त्याखाली पोटगी मागता येते. मुलांना ती १८ वर्षांपर्यंत मिळते. अपंगत्वामुळे जे स्वतःचं पोट भरू शकत नाहीत, त्यांना पुढेही. पूर्वी या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढली गेली.

रक्कम कमी-जास्त करण्याची तरतूदही कायद्यातच आहे. पूर्वी ते कलम १२७ होतं, आता १४६. परिस्थिती बदलल्याचं सिद्ध केलं तर न्यायालय रक्कम बदलू शकतं. बापाचं उत्पन्न घटलं तर तो कमी करून मागू शकतो. मुलाचा खर्च वाढला तर आईही वाढवून मागू शकते. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

पण अर्ज केल्याशिवाय काहीच बदलत नाही. हुकूम बदलेपर्यंत जुनी रक्कम दर महिन्याला चढत राहते. कमी झालीच तर साधारणपणे अर्जाच्या किंवा नव्या हुकुमाच्या तारखेपासून पुढे होते. मागची थकबाकी त्याने पुसली जात नाही.

थकबाकी राहिली तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं. त्यानंतरही पैसे दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अनेकांना वाटतं की महिनाभर आत राहून आलं की हिशेब मिटला. ते चूक आहे. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं आहे. शिवाय अटकेचं वॉरंट असेल तर पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्टही जप्त होऊ शकतो. ज्याला पुन्हा आखातात जाऊन कमवायचंय, त्याचं तर त्यात दुहेरी नुकसान.

नागपूरहून दिल्लीला गेलेला खटला

आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत एका निकालाचं नाव घेतलं. "रजनेश विरुद्ध नेहा", सर्वोच्च न्यायालय, ४ नोव्हेंबर २०२०. खटला मूळचा नागपूरच्या कुटुंब न्यायालयातला. तिथे पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० अशी अंतरिम पोटगी ठरली होती. नवऱ्याचं म्हणणं असं, की आपण सध्या बेकार आहोत. तेलाचे भाव पडल्यामुळे आखाती देशांतली कामं मिळेनाशी झाली आणि न्यायालयाने जुनी आयकर विवरणपत्रं धरून रक्कम ठरवली.

म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांतलीच गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आयकराची कागदपत्रं आणि पासपोर्टच्या प्रती हजर करायला लावल्या. रक्कम कमी झाली नाही, उलट थकबाकी १२ आठवड्यांत भरायचा आदेश झाला. काम गेलं असं नुसतं म्हणून भागत नाही, ते कागदावर दाखवावं लागतं.

त्याच निकालात सगळ्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. बापाने द्यायचं तसं आईनेही. मुलाच्या खर्चात जेवण, कपडे, राहणं, औषधपाणी आणि शिक्षण सगळं धरायचं. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, पण आई पुरेसं कमवत असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं.

आणखी एक. हातापायाने धडधाकट माणूस कमवू शकतो, असं न्यायालय धरूनच चालतं. आज नोकरी नाही एवढ्यावर रक्कम शून्य होत नाही. मुद्दाम चांगली नोकरी सोडली किंवा कमी पगार दाखवला असा संशय आला, तर जुना पगारच धरला जाण्याची भीती असते.

कुवेतहून येताना कोणते कागद आणायचे

इथेच बहुतेकांची फसगत होते. कुवेतमध्ये पगारावर आयकर नाही. त्यामुळे पगार किती होता आणि तो कधी थांबला हे दाखवायला आयकराचा कागदच नसतो. मैत्रिणीचा मुलगा परत आला तेव्हा त्याच्याजवळ पासपोर्ट, दोन बॅगा आणि मोबाईलमधले फोटो, एवढंच होतं. मग तिथल्या मित्रांकडून एकेक कागद मागवता मागवता दोन महिने गेले. म्हणून निघण्याआधीच हे कागद जमवावेत:

– नोकरीचा करार आणि पगाराचा आकडा असलेला कामाचा परवाना
– नोकरीवरून कमी केल्याचं कंपनीचं पत्र, तारखेसह
– बँकेचं किमान एक वर्षाचं स्टेटमेंट, शेवटचा पगार दिसेल असं
– अकामा रद्द झाल्याचा कागद, सिव्हिल आयडीची प्रत आणि पासपोर्टवरचे परतीचे शिक्के
– नोकरीअखेरच्या हिशेबाचा कागद

शेवटच्या कागदाबद्दल जरा जास्त सांगते. कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे खासगी कंपनीतल्या मासिक पगारी माणसाला कमी केलं तर पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला १५ दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला एक महिन्याचा पगार नोकरीअखेर मिळतो. तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगारही असतो. या मुलाला सात वर्षांचे सुमारे १,७०० दिनार मिळाले, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. न्यायाधीशांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "हे पैसे कुठे गेले?"

घराचं कर्ज फेडलं, एक जुनी उधारी भागवली आणि थोडे घरात वापरले. सगळं खरं होतं. पण ज्या महिन्यांत ते चार लाख खर्च होत होते, त्याच महिन्यांत मुलीला एक रुपया गेला नव्हता. तो मान खाली घालून उभा राहिला. माझी मैत्रीणही. कर्ज आधी फेड, हा सल्ला तिचाच होता.

मग करायचं काय

पगार थांबला त्याच महिन्यात हालचाल करायची. ज्या न्यायालयाने हुकूम दिला, तिथेच बदलाचा अर्ज करायचा. मुंबईत बहुतेकांसाठी ते वांद्र्याचं कुटुंब न्यायालय. मुलगा अजून परदेशात अडकला असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून इथल्या आई, वडील किंवा भावाच्या नावे पाठवता येतं. न्यायालयाने परवानगी दिली तर साक्ष व्हिडिओवरूनही होते.

अर्ज केला म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. जमेल तेवढे देत राहायचे. पाच हजार तर पाच हजार, पण दर महिन्याला आणि बँकेतून. रोख द्यायचे नाहीत. बँकेच्या नोंदीतून न्यायाधीशांना दिसतं की बाप पळत नाहीये. मुलालाही ते दिसतं, आज नाही तर उद्या.

मुलाच्या आईला आधी कळवायचं. साधा, तारखेचा, सभ्य मेसेज पुरे. दोघांचं कमी रकमेवर जमलं तर फारच उत्तम, पण तेही न्यायालयासमोर लेखी मांडून हुकुमात घालून घ्यायचं. तोंडी ठरलेलं वर्षभराने कुणाला आठवत नाही. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांची मदत घ्यावी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषांसाठी उत्पन्नाची अट असते. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.

मैत्रिणीच्या मुलाने एप्रिल २०२२ मध्ये अर्ज केला. मुलीची आई शाळेत शिक्षिका, तिचा पगार २२,०००. दोघांची प्रतिज्ञापत्रं पाहून न्यायालयाने अर्जाच्या तारखेपासून रक्कम १२,००० केली. थकलेले १,८०,००० मात्र जसेच्या तसे राहिले. त्यातले ६०,००० त्याने लगेच भरले आणि उरलेल्यांचे ६,००० चे २० हप्ते करून मिळाले. नोकरी गेली त्याच महिन्यात अर्ज केला असता आणि १२,००० चाच हुकूम झाला असता, तर नऊ महिन्यांचे १,०८,००० झाले असते. गप्प बसण्याची किंमत ७२,००० रुपये.

आपण आजी-आजोबांनी

तुम्ही मुलाच्या बाजूचे असाल तर हे लक्षात ठेवा. या कायद्याखालचा हुकूम बापावर असतो, आजी-आजोबांवर नाही. तुमचं पेन्शन कुणी मागू शकत नाही. मनाने मदत करायची तर जरूर करा, पण शाळेची फी थेट शाळेत भरा आणि पावती जपा. तुम्ही मुलावर अवलंबून असाल तर तेही अर्जात लिहायला सांगा, न्यायालय ते विचारात घेतं. आणि "तिला कशाला द्यायचे, तिनेच घर मोडलं" हे वाक्य घरात बोलू नका. पैसे तिचे नसतात, नातवंडाचे असतात.

तुम्ही सुनेच्या, म्हणजे आता नातवंडाच्या आईच्या, बाजूचे असाल तर नोटीस आली म्हणून घाबरू नका आणि ती फेकूनही देऊ नका. तारखेला हजर राहायला सांगा. त्याचं प्रतिज्ञापत्र आणि कुवेतचे कागद मागा. शाळेची फी, ट्यूशन, औषधांच्या पावत्या जमवा. खरंच उत्पन्न घटलं असेल तर थोडं नमतं घेण्यात नुकसान नाही. महिन्याला नियमित येणारे १२,००० हे कागदावरच्या न येणाऱ्या २०,००० पेक्षा मुलाच्या कामाचे असतात.

आपला धर्म आणि इस्रायल

गेट दिला की नवरा-बायकोचं नातं संपतं, बापाचं संपत नाही. तलमूदमध्ये कतुबोथ भागात आहे की उशा या गावी जमलेल्या हाखामांनी ठरवलं, माणसाने आपली लहान मुलं आणि मुली दोघांनाही पोसलं पाहिजे. मुलीही, हे त्या काळी लिहून ठेवलं आहे.

ज्यांची मुलं लोद, अश्दोद, बीर शेवाला आहेत, त्यांनी हेही जाणावं. तिथेही नोकरी गेली म्हणून रक्कम आपोआप उतरत नाही. परिस्थितीत मोठा बदल झाल्याचं न्यायालयात दाखवावं लागतं. थकबाकीदाराला देशाबाहेर जायला मनाई होऊ शकते. एक सोय मात्र तिथे आहे. १९७२ च्या कायद्यामुळे बाप देत नसेल तर ठरावीक अटींवर बितुआह लेउमी मुलाला पैसे देते आणि मग बापाकडून वसूल करते. आपल्याकडे अशी सोय नाही. इथे बापाने दिले नाहीत तर मुलाचं ताट तेवढं रिकामं राहतं.

सिनेगॉगमध्ये भेटलेल्या त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा भेटले. मुलाने अर्ज तयार करायला दिला होता आणि आईला मेसेज करून ७,००० रुपये पाठवले होते. चार महिन्यांनी नातीचा आजोबांना फोन आला. पैशाबद्दल ती काहीच बोलली नाही. "आजोबा, मलिद्याला येऊ का?" एवढंच विचारलं.

तुमच्या ओळखीत कुणाचं असं काही अडलं असेल, तर त्याला एवढं नक्की सांगा, की उद्यावर टाकू नको, आजच अर्ज कर.

शालोम.